मोझांबिकमध्ये हजार हेक्टर जमीन घ्यावी का? (तुरीच्या निमित्ताने)

गिरणीकर_जालना
नमस्कार मंडळी. आमची जालन्यात डाळीची मध्यम आकाराची गिरणी आहे. वर्षातले तीन-चार महिने आम्ही आयात केलेल्या तुरीवरच चालतो, आणि त्यातला मोठा वाटा मोझांबिकचा असतो. माझा भाचा चार वर्षांपासून बैरा बंदराजवळ एका गोदामात देखरेखीचे काम करतो. गेल्या महिन्यात पुण्यातील एका सल्लागाराने आम्हा सहा गिरणीवाल्यांपुढे एक प्रस्ताव ठेवला. नामपुला प्रांतात 1,000 हेक्टर जमीन 50 वर्षांच्या कराराने घ्यावी, यंत्राने तुरीची पेरणी करावी आणि माल थेट स्वतःच्या गिरणीला आणावा, असा तो प्रस्ताव आहे. जमिनीचे वार्षिक शुल्क हेक्टरी एका डॉलरच्या आसपास सांगितले आहे. आमची एकत्रित तयारी साधारण चार कोटींची आहे. भाचा म्हणतो, "मामा, जमिनीच्या नादी लागू नका." सल्लागार म्हणतो, ही संधी पुन्हा येणार नाही. त्या देशात प्रत्यक्ष काम केलेल्या किंवा तिथल्या मालाचा व्यापार करणाऱ्या सदस्यांचे मत हवे आहे.

तलाठीग्रस्त
हेक्टरी एक डॉलर? आमच्या गावात एवढ्या पैशात फेरफाराचा अर्ज कुठे द्यायचा, हेही कोणी सांगत नाही.

नकाशेवाला
मी सात वर्षे नामपुला आणि झांबेझिया प्रांतांत एका कापूस कंपनीसाठी क्षेत्रमोजणीचे काम केले आहे, त्यामुळे जमिनीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

मोझांबिकमध्ये जमीन कोणाच्याही मालकीची नसते. ती राज्याची असते, हे तिथल्या राज्यघटनेत आणि 1997 च्या भूमी कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. तुम्हाला मिळतो तो फक्त वापराचा हक्क, ज्याला तिथे 'दुआत' म्हणतात. हा हक्क विकता येत नाही आणि जमीन तारण ठेवून बँकेकडून कर्जही मिळत नाही. सल्लागाराने सांगितलेली 50 वर्षे ही पहिल्या दिवसापासून मिळत नाहीत. परदेशी गुंतवणूकदाराला आधी दोन वर्षांची तात्पुरती परवानगी मिळते. त्या दोन वर्षांत आराखड्याप्रमाणे काम झाले, तरच पुढचा हक्क पक्का होतो. नामपुलाच्या रानात दोन वर्षांत 1,000 हेक्टर साफ करून त्यावर पीक उभे करणे चार कोटींत बसणारे नाही. नुसत्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची वाट पाहण्यात आमचे दोन हंगाम गेले होते.

आता एक बारकी गोष्ट. 1,000 हेक्टर हा आकडा हवेतून आलेला नाही. तेवढ्या क्षेत्रापर्यंतची परवानगी प्रांताच्या पातळीवरच मिळू शकते. त्यापुढे 10,000 हेक्टरपर्यंत मंत्र्याकडे जावे लागते आणि त्याहून मोठा अर्ज मंत्रिमंडळापुढे जातो. तुमच्या सल्लागाराला कायदा नीट ठाऊक आहे. म्हणूनच त्याने गावकऱ्यांच्या संमतीबद्दल काय सांगितले, हे मला जाणून घ्यायचे आहे.

गिरणीकर_जालना
@नकाशेवाला, त्याबद्दल एवढेच सांगितले की जमीन पडीक आहे आणि गावच्या प्रमुखाची सही झालेली आहे.

नकाशेवाला
तीच तर मेख आहे. जी जमीन आपल्याला पडीक दिसते, ती बहुतेक वेळा फेरपालटीत सोडलेली 'मशाम्बा' असते, म्हणजे कोणाच्या तरी कुटुंबाचे शेत असते. तिथे खताचा वापर फार कमी, म्हणून दोन-तीन वर्षे मका-कसावा घेऊन जमिनीला विश्रांती देतात. कायद्याने परंपरागत वहिवाटीला कागद नसतानाही मान्यता दिलेली आहे. दहा वर्षे सद्भावनेने जमीन कसणाऱ्या स्थानिक माणसालाही तो हक्क आहे. म्हणून समाजाशी सल्लामसलत करणे बंधनकारक ठरते, आणि एकट्या 'रेगुलो'ची, म्हणजे पारंपरिक प्रमुखाची, सही ही सल्लामसलत नव्हे.

जपान, ब्राझील आणि मोझांबिक या तीन सरकारांनी याच भागात, नामपुलातून नाकाला बंदराकडे जाणाऱ्या पट्ट्यात, 'प्रोसवाना' नावाचा प्रचंड कृषिप्रकल्प आखला होता. स्थानिक शेतकरी संघटनांनी वर्षानुवर्षे विरोध केला आणि 2020 मध्ये तो गुंडाळला गेला. तीन सरकारांना जे पेलले नाही, ते सहा गिरणीवाल्यांना पेलेल का, याचा विचार करावा.

बांधावरचा
चर्चा वाचली. मी औसा तालुक्यातला तूर पिकवणारा शेतकरी आहे आणि मला या धाग्याचा मूळ हेतूच खटकतो. 2015 मध्ये डाळ किरकोळ बाजारात 200 रुपये किलोच्या घरात गेली, तेव्हा आम्हाला तूर लावा म्हणून सांगण्यात आले. आम्ही लावली. 2016-17 मध्ये देशात सुमारे 48 लाख टन तूर झाली, तेवढी आधी कधी झाली नव्हती. हमीभाव बोनससह 5,050 रुपये असताना आम्ही ती चार हजाराच्या आत विकली. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला म्हणून ट्रॅक्टर आठ-आठ दिवस रांगेत उभे होते. आणि त्याच्या आदल्याच जुलैत, 2016 साली, आपल्या सरकारने मोझांबिकशी करार केला होता, ज्यात तिथून आणायची तूर एका लाख टनापासून वाढवत 2020-21 पर्यंत दोन लाख टनांवर न्यायची होती. पुढे त्याला पाच वर्षांची मुदतवाढही मिळाली.

गिरणीकर, तुम्ही आमच्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांशी असा दीर्घ मुदतीचा करार का करत नाही? चार कोटी जवळच गुंतवता येतील की.

हिशेबनीस
@बांधावरचा यांचा प्रश्न योग्य आहे. तो गिरणीकरांनाच उत्तरू द्यावा. मी पैशाच्या वाटेबद्दल लिहितो, कारण असे प्रस्ताव मी व्यवसायाने तपासतो.

निवासी भारतीय व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के कर उगमस्थानी गोळा करते. तो विवरणपत्रात वळता होतो, परंतु तोवर तुमचे खेळते भांडवल अडकून राहते. तिथली संस्था मर्यादित दायित्वाची असावी लागते आणि दरवर्षी तिचा कामगिरी अहवाल बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडे जावा लागतो. सहा जणांनी एकाच्या नावावर पैसे पाठवून "नंतर आपसात पाहू" असे ठरवले असेल, तर ते आजच विसरावे.

दुसरा मुद्दा तिथल्या चलनाचा. 2014 च्या सुमारास डॉलरला तीसेक मेतिकाल पडत. सरकारने लपवलेली कर्जे 2016 मध्ये उघड झाली आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात तोच दर 70 च्या पुढे गेला. अलीकडे दर 63-64 वर स्थिर दिसतो, पण स्थिर दर आणि बँकेत डॉलर मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नफा मेतिकालमध्ये झाला आणि तो परत आणायला बँकेकडे डॉलरच नसले, तर ताळेबंदातला नफा भिंतीवरच्या चित्रासारखा पाहत बसावे लागते.

वाशीचा_दलाल
थोडे अवांतर, पण विषयाला धरून. सल्लागाराच्या कागदात भाव कोणत्या तुरीचा धरला आहे? बाजारात 'आयात तूर' असा एकच माल नसतो. म्यानमारची ती लेमन, टांझानियाची अरुषा आणि मटवारा, मोझांबिकची पांढरी आणि गजरी. लेमनचा भाव धरून गजरीचा नफा मांडलेला कागद मी स्वतः पाहिलेला आहे. क्विंटलमागे काही शे रुपयांचा फरक नेहमीचाच असतो, आणि तेवढ्यातच सगळा नफा असतो.

सुगरण_बदलापूर
म्हणजे मागच्या महिन्यात अर्धा तास शिजवूनही न शिजलेली डाळ गजरी होती की काय?

वाशीचा_दलाल
ताई, ती जुनी असणार. गजरीला उगाच बोल लावू नका.

फोंडेकार
गोव्यातून लिहितो आहे. आमच्या घराण्यातील दोन पिढ्या लोरेंसो मार्किसमध्ये, म्हणजे आजच्या मापुतोत, होत्या. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्यातूनच चालत असे, त्यामुळे हा देश आम्हाला 'आफ्रिकेतला कोणता तरी देश' वाटत नाही. तरीही एक आठवण सांगणे भाग आहे. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा पोर्तुगीज सत्तेने मोझांबिकमधील भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबले, त्यांची मालमत्ता गोठवली आणि अनेकांना देश सोडायला लावले. दोष ना त्यांचा होता ना तिथल्या आफ्रिकी जनतेचा. पण दुकाने गेली ती गेलीच.

दुसरी गोष्ट काजूची. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक काजूत जगात पहिल्या क्रमांकावर होता. स्वातंत्र्यानंतर, 1977 ते 1992 या यादवीत, झाडांकडे कोणी पाहिले नाही. पुढे शांतता आल्यावर जागतिक बँकेच्या आग्रहाने कच्च्या बियांची निर्यात मोकळी झाली. बिया भारतातल्या कारखान्यांकडे जाऊ लागल्या, आणि तिथले कारखाने बंद पडून हजारो कामगार, त्यांत बहुसंख्य बायका, घरी बसल्या. हा राग तिथे अजून आहे. पुढे कच्च्या काजूवर 18 ते 22 टक्के निर्यातकर बसवला गेला, तो याच धड्यामुळे. तेव्हा कच्चा माल नुसता उचलून न्यायच्या धंद्याला तिथे फार मान मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. उद्या तुरीवरही तसा कर बसला तर आश्चर्य वाटायला नको.

गिरणीकर_जालना
सर्वांचे आभार. @बांधावरचा, तुमच्या प्रश्नाला बगल देणार नाही. आम्ही 2018 मध्ये परतूर भागात 120 शेतकऱ्यांशी करार केला होता. पहिल्या वर्षी बाजार पडला आणि आम्ही ठरलेला भाव दिला. दुसऱ्या वर्षी बाजार वर गेला, तेव्हा 30-35 जणांनीच माल दिला. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केले असते. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देशात नवी तूर नसते, हीही अडचण आहे. आपली तूर डिसेंबरपासून येते. तिथली ऑगस्ट-सप्टेंबरात निघते आणि नेमकी त्या मधल्या काळात इथे पोहोचते. गिरणी तेव्हा बंद ठेवायची, तर कामगारांना काय सांगायचे?

@वाशीचा_दलाल, कागद पुन्हा पाहिला. भाव लेमनचाच धरलेला आहे.

वाशीचा_दलाल
चहा पाजा आता.

केळीवाला_सावदा
तूर सोडून केळी का लावत नाही, असा सल्ला देण्याच्या बेतात होतो. मग आठवले की नामपुलामध्येच एका मोठ्या व्यापारी केळीबागेत 2013 मध्ये पनामा रोगाची टीआर-4 ही जात सापडली, आणि तोवर आफ्रिका खंडात ती कुठेही नोंदलेली नव्हती. मातीत ती वर्षानुवर्षे टिकते. शेकडो हेक्टरांवर एकच वाण लावून वर एकाच बाजारावर विसंबणे किती महागात पडते, हे आम्हा रावेर-यावलकरांना शिकवायला नको. 1,000 हेक्टर तुरीलाही मर आहे, शेंगा पोखरणारी अळी आहे. आपल्याकडे मारुती किंवा बीडीएन 711 बियाणे तालुक्याच्या दुकानात मिळते. तिथे तुम्ही ते कोठून आणणार?

नकाशेवाला
बियाण्याचे सांगतो. हैदराबादच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने पूर्व आफ्रिकेसाठी काढलेले आयसीईएपी 00040 यासारखे वाण त्या भागात प्रसारित झालेले आहेत, परंतु दर्जेदार बियाणे वेळेवर आणि पुरेसे मिळत नाही. बहुतेक शेतकरी घरचेच ठेवलेले दाणे मक्याच्या किंवा कसावाच्या ओळींत टाकतात.

आणि मूळ मुद्दा हाच आहे. मोझांबिकची तूर अशी दीड-दोन एकरांच्या लाखो मशाम्बांतून येते. त्या शेतकऱ्याचा तुरीवरचा रोख खर्च जवळजवळ शून्य असतो. मजुरी घरची, खत नाही, फवारणी नाही. तुम्ही डिझेल, यंत्रे, परदेशी व्यवस्थापक आणि पहारेकरी यांचा खर्च घालून तेच पीक काढणार, आणि विकणार त्याच्याच भावाला. हेक्टरी सहा-सात क्विंटलवर हे गणित कधीच जुळत नाही. त्या शेतकऱ्याला जे जमत नाही ते माल साठवणे, वाळवणे, साफ करणे आणि बंदरापर्यंत पोहोचवणे. गावच्या 'कान्तीना'त, म्हणजे किराणा दुकानात, तो किलोकिलोने तूर देतो आणि बदल्यात साबण, तेल, मीठ नेतो. तिथून ती ट्रकवाल्याकडे आणि मग बंदरावर जाते. पैसा करायचा तर त्या साखळीत आहे. तुमचा भाचा बरोबर सांगतो आहे.

बैऱ्यात_होते
गोदामाचा मुद्दा पटतो, पण एक गोष्ट जोडते. 14 मार्च 2019 च्या रात्री इडाई चक्रीवादळ बैऱ्यावर आले, तेव्हा मी आणि माझे यजमान तिथेच होतो. आमच्या भाड्याच्या घराचे पत्रे गेले, आणि यजमान ज्या गोदामात कामाला होते तिथले धान्य दुसऱ्या दिवशी कंबरभर पाण्यात होते. ओल्या धान्याचा वास आठवडाभर सगळ्या भागात भरून राहिला होता. विम्याचा दावा निघायला दीड वर्ष लागले आणि त्यात "पुरामुळे" की "वादळामुळे" यावर भांडण झाले. करारात हे दोन्ही शब्द वेगवेगळे लिहून घ्या. 2023 मध्ये फ्रेडी वादळ केलिमाने या किनारी शहराच्या बाजूला आले, म्हणजे हे अपवादाने घडते असे समजू नये. नामपुला शहर आत आहे, पण माल शेवटी किनाऱ्यावरच यायचा.

बाकी माणसे फार चांगली आहेत. पोर्तुगीज शिका, निदान भाव करण्यापुरती. तुरीला तिथे 'फैजांव बोएर' म्हणतात. मी पहिले सहा महिने बाजारात हाताने शेंगा सोलल्याचा अभिनय करत असे.

हिशेबनीस
वादळापेक्षा मला दिल्लीची भीती अधिक वाटते. ऑगस्ट 2017 मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. सरकारी करारातला मोझांबिकचा वाटा त्यातून वगळला होता, तरी शेतावरचा भाव तिथेही कोसळला, आणि टांझानिया-मलावीची अवस्था तर फारच वाईट झाली. मे 2021 मध्ये आयात मोकळी झाली, आणि तेव्हापासून मुदत वर्षावर्षाने पुढे ढकलली जाते. मोझांबिकमध्ये तूर फारशी खात नाहीत, जवळजवळ सगळी भारतासाठीच पिकते. म्हणजे एकच गिऱ्हाईक, आणि त्याचे दार उघडे की बंद हे एका अधिसूचनेवर ठरणार. 50 वर्षांची जमीन आणि 12 महिन्यांची अधिसूचना, ही जोडी मला तरी कर्ज देण्याजोगी वाटत नाही.

बांधावरचा
हिशेबनीस यांनी माझ्या मनातले दुसऱ्या बाजूने सांगितले. 2017 मध्ये ज्या अधिसूचनेसाठी आम्ही मोर्चे काढले, तिच्यामुळे नामपुलातला माझ्यासारखाच दीड एकरवाला बुडाला, हे मला आज इथे वाचून कळले. तेव्हा कळले असते तरी मोर्चा काढलाच असता, हेही प्रामाणिकपणे सांगतो. गिरणीकर, परतूरच्या कराराबद्दल एक सुचवतो. ठरावीक भावाऐवजी बाजारभाव अधिक ठरलेली वाढ, आणि खाली हमीभावाचा आधार, असा करार करा. माल सगळा येईल.

सोयाबीनप्रेमी
सगळे तुरीतच अडकले आहेत. झांबेझियातील गुरुए हा भाग सोयाबीनसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथली पेंड देशातल्याच कोंबड्यांना जाते. ते गिऱ्हाईक दिल्लीच्या अधिसूचनेवर अवलंबून नाही. गिरणीकर, तुमच्याकडे डाळीची चुनी आणि टरफल निघतेच, पशुखाद्याचा धंदा तुम्हाला नवा नाही. तिथे छोटी डाळ गिरणी टाकली, तर चुनीलाही गिऱ्हाईक सापडेल.

नकाशेवाला
कल्पना चांगली, पण गुरुएचा रस्ता पावसाळ्यात पाहिला आहे का? मी तीन दिवस ट्रकमध्ये झोपलो आहे. शिवाय डाळ तिथे करून पाठवायची तर विजेचा भरवसा लागतो.

वाशीचा_दलाल
आणि 2023 च्या अखेरीस नाकाला बंदरात तुरीचे कंटेनर अडकले होते, तेही विसरू नका. इथे गिरण्या मालाची वाट पाहत होत्या, तूर दहा हजाराच्या वर होती, आणि माल बंदरात कागदांवरून वादात पडलेला. कोणत्या बाजूने कोण बरोबर होते त्यात मी शिरत नाही. एकाच बंदरावर आणि एकाच निर्यातदारावर विसंबू नका, एवढेच.

गिरणीकर_जालना
दहा दिवसांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. आम्ही सहा जण काल बसलो. सल्लागाराला सल्लामसलतीच्या बैठकीचे इतिवृत्त मागितले, तेव्हा त्याने एका पानावरची एकच सही पाठवली. जमिनीचा विषय तिथेच संपला. सहापैकी दोघे बाहेर पडले.

उरलेल्या चौघांचे असे ठरले आहे की या हंगामात जमीनही नाही आणि स्वतःचे गोदामही नाही. भाच्याच्या ओळखीच्या गोदामात भाड्याने जागा घ्यायची, एक साफसफाईचे यंत्र आणि दोन आर्द्रतामापक पाठवायचे, आणि 300 टन माल स्वतः खरेदी करून निम्मा बैऱ्याहून, निम्मा नाकालाहून आणून पाहायचा. प्रत्येकाचे पैसे ज्याच्या त्याच्या नावाने, बँकेमार्फतच जातील. विम्याच्या मसुद्यात पूर आणि वादळ असे दोन्ही शब्द घातले आहेत. @बांधावरचा, परतूरच्या नव्या कराराचा मसुदा तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे. त्यातल्या वाढीच्या आकड्यावर तुमचे मत कळवा.

एक प्रश्न उरतो. तिथे सप्टेंबरात तूर किती टक्के ओलाव्यावर घ्यावी? भाचा 12 म्हणतो.

वाशीचा_दलाल
अकराच्या वर घेऊ नका. समुद्रावर तीन आठवडे बंद डब्यात राहायची आहे.

बांधावरचा
मसुदा मिळाला. वाढीचा आकडा कमी आहे. फोन करतो.